विंडोज १० संपलं, लिनक्सवर जावं का? घरच्या लॅपटॉपचं उत्तर वेगळं, दुकानाच्या मशीनचं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी सहाव्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. दुकानात त्याच सुमाराचा डेस्कटॉप आहे, त्यावर डिझाइनसाठी कोरलड्रॉ, मराठी टायपिंगसाठी श्री-लिपी, हिशेबासाठी टॅली, कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आणि डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, यूएसबी डोंगल. घरच्या लॅपटॉपवर मुलीचा डिप्लोमाचा अभ्यास, बँकेची कामं, मराठी पत्रव्यवहार आणि यूट्यूब चालतं. दोन्हीवर विंडोज १० आहे आणि विंडोज ११ दोन्हीवर चढत नाही. मग दोन्ही मशीन लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या फुकट सिस्टिमवर, न्यावीत का?

लॅपटॉप न्या. दुकानाचा डेस्कटॉप आत्ता हलवू नका. दोन्हीचं हार्डवेअर जवळपास सारखं असून उत्तर वेगळं आहे, कारण निर्णय मशीनवर नाही, त्यावर रोज चालणाऱ्या प्रोग्रॅम्सवर ठरतो.

आधी घाई किती आहे ते पाहू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. विंडोज अस्सल असेल तर दोन्ही मशीन आजच नोंदवा आणि मग शांतपणे विचार करा. क्रॅक मारून चालवलेलं विंडोज असेल तर ही सवलत विसरा. शिवाय क्रॅकसाठी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागलेला असतो, त्यामुळे अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणं आधीपासूनच धोक्याचं होतं.

विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही तपासणी चुकवून ते जुन्या मशीनवर बसवता येतं, यूट्यूबवर डझनभर व्हिडिओ आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क यांच्यावर विंडोज ११ म्हणजे रोजचा छळ. घरच्या लॅपटॉपसाठी तो मार्ग धरू नका.

आता मुख्य काम. एक कागद घ्या आणि महिनाभर त्या मशीनवर जे जे उघडता ते लिहीत जा. वर्षातून एकदाच लागणारी कामं आठवून टाका: आयकर विवरणपत्र, मुलीचे परीक्षा अर्ज, टेंडर, विम्याचं पोर्टल. लोक अडकतात ते रोजच्या कामात नाही, या वार्षिक कामांत. प्रत्येक ओळीपुढे लिहा: ब्राउझरमध्ये होतं, लिनक्सवर तोच प्रोग्रॅम मिळतो, दुसरा प्रोग्रॅम चालेल, की फक्त विंडोजच. शेवटच्या प्रकारातलं एखादं काम जरी पोटापाण्याचं असेल तरी ते मशीन विंडोजवर राहू द्यावं. ते काम क्वचितचं आणि बिनपैशाचं असेल तर दुसरीकडे करता येतं.

दुकानाच्या मशीनची यादी मी इथूनच सांगू शकतो. कोरलड्रॉ लिनक्ससाठी निघत नाही. त्याच्या जागी वापरायचं इंकस्केप चांगलं आहे, पण वर्षानुवर्षांच्या कोरलच्या सीडीआर फाइली त्यात धड उघडत नाहीत, मजकूर आणि इफेक्ट विस्कटतात. लग्नपत्रिकेचं जुनं डिझाइन तारीख बदलून द्यायचं असेल तेव्हा हे परवडत नाही. टॅली विंडोजसाठी बनतं. श्री-लिपीही विंडोजचं, आणि तिचं लायसन डोंगलवर असेल तर वाइनचा उपयोग नाही. वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतं, पण हार्डवेअरचा विंडोज ड्रायव्हर ते चालवत नाही. प्रोग्रॅम उघडतो, डोंगल सापडत नाही, काम थांबतं. टॅली वाइनवर चालवणारे लोक आहेत, पण तिथे अडचण आली तर कंपनीची मदत मिळत नाही. गिऱ्हाइकांचा हिशेब त्या भरवशावर ठेवू नये.

एलबीपी २९०० आपल्याकडे जवळपास प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो. विंडोजवर तो इमानदार आहे, लिनक्सवर डोकेदुखी. तो कॅननच्या कॅप्ट या खासगी भाषेत बोलतो. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो जुना आहे, ३२-बिट लायब्रऱ्यांवर टेकलेला आहे आणि छपाईच्या नेहमीच्या व्यवस्थेबरोबर स्वतःची वेगळी सेवा चालू ठेवतो. ती सेवा आधी चालू झाली नाही तर जॉब रांगेत पडून राहतो, एररही दिसत नाही. काउंटरवर माणसं उभी असताना हे नको.

एचपीच्या १०२०, पी-१००७, पी-११०८ या छोट्या लेसरची गोष्ट बरी आहे, पण तिथेही मेख आहे. यातल्या काही प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केल्यावर ते संगणकाने पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरसोबत एक वेगळं प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं आणि ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी जुळावं लागतं. सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली की प्रिंटर अचानक गप्प होतो तो यामुळेच, प्लगइन पुन्हा उतरवलं की बोलू लागतो. एप्सनचे टाकीवाले एल-सिरीज प्रिंटर सहसा विनातक्रार छापतात. हेड क्लीनिंगसारखी कामं मात्र प्रिंटरच्या बटणांवरून किंवा विंडोजवरून करणं सोपं पडतं.

डीएससीच्या डोंगलचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात. पण पोर्टलला ब्राउझरच्या जोडीला सही करणारा छोटा प्रोग्रॅम हवा असतो, आणि त्याच्या सूचना आणि हेल्पडेस्क दोन्ही विंडोज गृहीत धरून बोलतात. निविदा भरायच्या शेवटच्या तासाला हा प्रयोग करायचा नसतो. ‘आपले सरकार’ केंद्र चालवत असाल आणि अंगठ्याचं मशीन जोडत असाल तर तिथेही व्यवहारात विंडोज किंवा अँड्रॉइडच.

मग दुकानाचं काय करायचं? वाढीव अपडेट्सची नोंदणी करा, त्या मशीनवर खासगी मेल आणि अनोळखी पेनड्राइव्ह बंद करा, आणि या वर्षात आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, कार्यालयांतून निघालेला वापरलेला डेस्कटॉप पाहा. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून फाइल काढून पीडीएफ करण्यासाठी मात्र लिनक्सचं एखादं जुनं मशीन काउंटरवर ठेवणं फार उपयोगी आहे. पेनड्राइव्हमधले विंडोजचे व्हायरस तिथे चालत नाहीत. मग फाइल नेटवर्कने मुख्य मशीनवर घ्या.

आता लॅपटॉप. सर्वांत मोठा फरक लिनक्सने पडणार नाही, एसएसडीने, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कने, पडेल. ५०० जीबीची फिरती डिस्क काढून २५६ जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा एसएसडी टाका. मशीन सुरू व्हायला जिथे दोन-तीन मिनिटं जात होती तिथे सेकंद लागतील. रॅम ८ जीबी करा, पण आधी कोणती लागते ते पाहा: या पिढीत काही लॅपटॉपना डीडीआर-३ एल लागते, काहींना डीडीआर-४, आणि काहींत एक पट्टी बोर्डालाच डकवलेली असते. नुसतं २ जीबीचं मशीन असेल तर लिनक्सकडूनही चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. सिस्टिम मावते, आजचा ब्राउझर मावत नाही.

एसएसडी टाकण्याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विंडोजसकट जुनी डिस्क जशीच्या तशी काढून कपाटात ठेवता येते. लिनक्स नाही जमलं तर चार स्क्रू आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करणं, दोन सिस्टिम एकत्र नांदवणं, या सगळ्या जोखमीतून सुटका होते. माघारीचा रस्ता मोकळा असला की माणूस निवांत शिकतो.

आणि हे सगळं करण्याआधी महिनाभर विंडोजवरच ऑफिसच्या कामांना लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड, व्हिडिओसाठी व्हीएलसी वापरा. हे सगळे प्रोग्रॅम विंडोजवर फुकट चालतात. मुलीला वर्डऐवजी लिबरऑफिसच्या रायटरमध्ये प्रोजेक्ट रिपोर्ट जमतो का, कॅल्कमध्ये तुमची घरखर्चाची शीट नीट उघडते का, हे इथेच कळेल. एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर ते लिबरऑफिसमध्ये बहुतेक वेळा मोडतात. म्हणून आयकराची एक्सेल युटिलिटी तिथे चालेल असं धरू नका, विवरणपत्र पोर्टलवर ऑनलाइन भरा.

लिनक्सचे प्रकार अनेक आहेत. मग कोणतं लिनक्स? आठवडाभर व्हिडिओ पाहत बसू नका. लिनक्स मिंट घ्या. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि मेनू, टास्कबार विंडोजच्या सवयीला जवळचे आहेत. ८ जीबी रॅम केली तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबीच ठेवली तर एक्सएफसीई. उबुंटूही उत्तम आहे, पण त्याचा डेस्कटॉप अशा मशीनला जरा जड जातो. सरकारी सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे. घरच्या वापरासाठी मी मिंटच सुचवतो, कारण अडचण आली की तिचं उत्तर शोधल्यावर लगेच सापडतं. प्रोसेसर अगदी जुना, ३२-बिटच असेल तर मिंटची मुख्य आवृत्ती त्यावर चालत नाही, आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही १३ व्या आवृत्तीपासून अशा मशीनचा इन्स्टॉलर बंद केला आहे.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ फाइल (अख्खा इन्स्टॉलर एका फाइलमध्ये) मिंटच्याच साइटवरून घ्या, साइटवर दिलेला शा-२५६ हा पडताळणीचा आकडा जुळवून पाहा (अर्धवट उतरलेली फाइल हे इन्स्टॉल मध्येच बंद पडण्याचं नेहमीचं कारण आहे), आणि रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. रूफस आयएसओ की डीडी असा पर्याय विचारतो. आधी आयएसओ घ्या, बूट नाही झालं तरच डीडी. बूट मेनूसाठी (मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला) डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९, लेनोवोवर एफ-१२ किंवा कडेचं छोटं नोवो बटण.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू होतं तेव्हा डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. याच अवस्थेत तासभर तपासा: वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एचडीएमआयने टीव्ही लागतो का, प्रिंटर सापडतो का. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो.

अडचण आली तर बहुतेक वाय-फायची येईल. ब्रॉडकॉमची चिप असेल तर यादी रिकामी दिसते, कारण तिचा ड्रायव्हर सिस्टिमबरोबर चालू अवस्थेत येत नाही. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात, पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर बसूनही वाय-फाय चालत नाही. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रिअलटेकची ८७२३-बीई चिप असते. तिथे नेटवर्क दिसतं, पण राउटरपासून चार पावलं गेलं की तुटतं. चिपला दोन अँटेनांची सोय असते, कंपनीने एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमकी रिकामी निवडतो. ड्रायव्हरला अँटेना क्रमांक सांगणारी एका ओळीची सेटिंग फाइल टाकली की सिग्नल भरून येतो. चिपच्या नावाने शोधलं तर ती ओळ लगेच सापडेल.

एसएसडी न टाकता त्याच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवायच्याच असतील तर आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच पुढे जा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर डेटा गेला. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून ती ड्राइव्ह नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने लहान करा, लिनक्सला ६० जीबी तरी द्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड आरएआयडी किंवा आरएसटीवर आहे का ते पाहा. तो एएचसीआय करावा लागतो, पण विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवून मगच, नाहीतर विंडोज उठणार नाही. आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकायला लागलं तर घाबरू नका, बॅटरी गेलेली नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी लागणाऱ्या) चौकटीत खूण करा. पडद्यावरची भाषा इंग्रजीच ठेवा असं मी सांगेन. मराठी अनुवाद आहे पण अर्धामुर्धा, आणि अडचण शोधताना इंग्रजी संदेशच उपयोगी पडतो.

मराठी लिहिण्याची सोय लिनक्सवर फार चांगली आहे, फक्त ती कुठे आहे ते माहीत हवं. इन्स्क्रिप्ट पद्धतीचं टायपिंग येत असेल तर की-बोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, एवढंच. विंडोजवरची बोटांची सवय तशीच चालते: शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी म्हणजे हलंत, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य, आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बरोबर उमटतो. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवायची सवय असेल, किंवा टाइपरायटरसारखा रेमिंग्टन हवा असेल, तर इनपुट मेथडमधून आयबस आणि त्याचं एम-१७-एन पॅकेज घ्या. त्यात मराठीचे फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन असे पर्याय मिळतात. पॅकेज टाकल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत मराठी दिसत नाही.

लिबरऑफिसमध्ये देवनागरी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या सदरात मोडते. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ते चालू करून मराठी निवडा. ते केलं नाही तर स्टाइलमध्ये आकार १४ केला तरी इंग्रजीच मोठं होतं आणि मराठी तसंच राहतं, कारण दोघांचे फॉन्ट आणि आकार वेगळे धरले जातात. दुसरी गोष्ट मंगल फॉन्टची. तो मायक्रोसॉफ्टचा असल्याने लिनक्सवर नसतो. सरकारी नमुना उघडला की त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. स्वतःची पत्रं खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये करा, एकटाइपचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, आणि तोच फॉन्ट दुकानाच्या विंडोजवरही टाका. मग फाइल दोन्हीकडे सारखी दिसेल. बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा.

कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली वाचायला फॉन्टची फाइल इन्स्टॉल केली की पुरते. त्यात नवं टाइप करू नका. ऑल्ट आणि आकड्यांनी काढायची जोडाक्षरं लिनक्सवर तशी निघत नाहीत. हा मजकूर युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी वाचता येणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्यायला आता निमित्त मिळालं आहे, ते वापरा.

मुलीच्या बाबतीत तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. कॉलेजची ऑनलाइन परीक्षा सेफ एक्झाम ब्राउझरवर होत असेल तर त्याची लिनक्स आवृत्ती नाही. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर चालत नाहीत, तेव्हा जुनी विंडोज डिस्क पुन्हा कामाला येईल. कॉम्प्युटर शाखा असेल तर मात्र लिनक्स तिला पुढे नेईल: पायथन, सी, गिट आणि सर्व्हरवरच्या आज्ञा सगळं हाताशी असतं. व्हॅलोरंट हा गेम चालणार नाही, आणि काही ओटीटी सेवा लिनक्सवर कमी दर्जाचं चित्र दाखवतात.

सिस्टिम बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी अपडेट मॅनेजर चालवा, आणि टाइमशिफ्ट चालू करून आठवड्याला एक, अशा दोन-तीन प्रती ठेवा. एखादा अपडेट फसला तर टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेतं. पण मुलीच्या असाइनमेंट आणि फोटो त्यात नसतात, मूळ सेटिंगमध्ये ते होम फोल्डर वगळतं. त्यासाठी मिंटचं बॅकअप टूल वेगळं आहे. बाहेरची डिस्क लावून महिन्यातून एकदा तेही चालवा आणि एखादी फाइल परत काढून पाहा, उघडते की नाही ते.